एकेचाळिसावं पान

"बाबा, मी वाचून दाखवतो की!" हे वाक्य माझ्या तोंडून गेलं तेव्हा मी फक्त चहात बिस्किट बुडवत होतो. मनात वाईट हेतू नव्हता. चांगलाही नव्हता म्हणा. सासरे पंधरा दिवसांसाठी राहायला आलेत, पहिल्याच दिवशी एकदा गोड बोलून टाकावं, म्हणजे उरलेले चौदा दिवस आपले, एवढाच विचार. तेवढ्यात बिस्किट तुटून कपाच्या तळाशी गेलं आणि मी चमचा शोधायला उठलो.

सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डाव्या डोळ्यावर पट्टी, आणि डॉक्टरांची सक्त ताकीद: पंधरा दिवस वाचन नाही, स्क्रीन तर नाहीच नाही. सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. ते जेवताना मिठाच्या पुडीवरचा मजकूरसुद्धा वाचतात. त्यांना वाचायचं नाही म्हणून सांगणं म्हणजे श्वास घेऊ नका म्हणण्यातलाच प्रकार. बायको म्हणाली, "अहो, बाबांना रोज संध्याकाळी कुणीतरी वाचून दाखवायला हवं." आणि मी ते वरचं वाक्य बोललो.

"पेपर वाचू का, बाबा?"

"पेपर राहू दे. माझ्या टॅबवर ते गेमवाल्यांचं पान आहे ना, ते उघडा. लोकांची मतं येताहेत. मतदान चाललंय तिथं."

"कसलं मतदान?"

"माझी वही ठेवायची की काढायची, त्याचं."

मी टॅब उघडला. समोर होता तो माझाच फोरम! अकरा वर्षं मी जिथं पडीक असतो तो.

आता इथं मला माझी अब्रू थोडी उघड्यावर मांडावी लागणार. मी पाणीपुरवठा कचेरीत तक्रारींच्या टेबलावर कारकून आहे. लोक चार-चार पानी तक्रार लिहून आणतात. मी पहिली ओळ वाचतो, शेवटची ओळ वाचतो आणि शिक्का मारतो. (बावीस वर्षांत कुणाला शंका आलेली नाही. तुम्हीही कुठं बोलू नका.) घरी आलो की मी एक गेम खेळतो. एका स्टुडिओनं जुन्या काळावर तीन गेम काढले होते. ना मारामारी, ना गाड्यांच्या शर्यती. नुसतं जुन्या गावात हिंडायचं, वस्तू गोळा करायच्या, कोडी सोडवायची. आठ वर्षांपूर्वी स्टुडिओ बंद पडला. माणसं पांगली, कचेरीला कुलूप लागलं. पण खेळणारे काही हटले नाहीत. ते या फोरमवर अजून भांडतात.

आणि भांडतात तरी काय हो! एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या मते पहिला भाग, तो मिठाच्या तांड्याचा, तेवढाच खरा, पुढचं सगळं पाणचट. एक बाई लिहितात, की घटस्फोटाच्या वर्षात दीपगृहाचा दुसरा भाग त्या सात वेळा खेळल्या, आणि त्याला नावं ठेवणाऱ्याशी आपण या जन्मात बोलणार नाही. कुणी म्हणतं दीपगृहात जिने फार, गोष्ट कमी. त्यावर एक गवंडी येतो आणि जिन्याच्या पायरीची उंची त्या काळात केवढी असायची ते समजावून सांगतो. सगळ्यात मोठं रणकंदन मात्र तिसऱ्या भागावर. त्याचं नाव 'वेढा'. बंदराच्या गावाला शत्रूनं वेढा घातलाय आणि आपण जलद्वार उघडून लोकांना बाहेर काढायचंय.

ते जलद्वार अकरा वर्षांत माझ्याच्यानं उघडलेलं नाही. मी त्याला दोर लावून पाहिला, तेल घातलं, कंदील दाखवला, टाचेनं लाथा घातल्या. शेवटी वैतागून कोळणीच्या टोपलीतला मासा काढून कडीत अडकवला. दार ढिम्म! मग माझं डोकं फिरलं आणि मी फोरमवर 'बुरुजावरचा' या नावानं माझं मत लिहून टाकलं. त्या गेममध्ये एक वही असते, त्या काळच्या माहितीची. सगळा राग मी तिच्यावर काढला. लिहिलं: "ही वही लिहिणाऱ्या गृहस्थाला इतिहासाचा पत्ता नाही आणि दाराचाही नाही. बंदर सोडा, यानं आयुष्यात बादलीसुद्धा नीट पाहिली नसावी. ही बासष्ट पानं फाडून फेकली तर गेम वाचेल." लोकांना ते भलतंच आवडलं. गेली अकरा वर्षं ते मत सगळ्यात वर आहे. कचेरीत मला कुणी विचारत नाही, घरात तर त्याहून नाही. पण तिथं मी कुणीतरी होतो.

"बाबा," मी विचारलं, "वही म्हणजे... वेढ्यातली?"

"मग कुठली? बासष्ट पानं. दोन वर्षं खपत होतो."

"अहो, असं काय करता!" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "आपल्या लग्नानंतर वर्षभर बाबा दुसरं काही बोलतच नव्हते. तुम्ही 'वा! वा!' म्हणायचात की!"

मी वा वा म्हणायचो हे खरंय. कशाला म्हणायचो, ते तेव्हाही माहीत नव्हतं.

प्रकरण असं होतं. फोरमवरची काही मंडळी तो बंद पडलेला गेम नव्या कॉम्प्युटरवर चालावा म्हणून फुकट राबत होती. त्यांची म्होरकी एक नर्सबाई. वहीची जुनी फाईल खराब झालेली, त्यामुळे बासष्ट पानं पुन्हा टाईप करायची की वही सरळ गाळायची, यावर मतदान होतं. सासरे महिन्यापूर्वीच तिथं आले होते आणि नुसतं "नमस्कार, वही मी लिहिली" एवढंच लिहून गप्प बसले होते; मोतीबिंदूमुळं पडद्यावरचं बारीक अक्षर लागत नव्हतं, म्हणून लोकांची मतं वाचायची राहूनच गेली होती.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "माझं नाव आयुष्यात दोनदाच छापून आलं. एकदा लग्नपत्रिकेत आणि एकदा त्या वहीत. लग्नपत्रिकेत चुकीचं छापलं होतं." मग जरा हसले आणि म्हणाले, "वाचा. सगळ्यात वर कुणाचं मत आहे?"

सगळ्यात वर कोण असणार! समोर माझे शब्द, शेजारी ज्यांच्याबद्दल ते लिहिले ते, पट्टी लावून, मान तिरकी करून ऐकायला बसलेले. वाचू कसं? मी घसा खाकरला आणि ठोकून दिलं:

"बुरुजावरचा नावाचे कुणी आहेत. ते लिहितात, की... या वहीसारखी वही झाली नाही. लिहिणाऱ्या गृहस्थांना इतिहासाची खडान्‌खडा माहिती आहे. आणि... आणि दाराचीही."

"दाराची?" सासरे ताठ बसले. "दार लक्षात आलं त्याच्या? एकेचाळिसावं पान! अहो, ते पान मी नऊ वेळा लिहिलं. पुढं काय म्हणतो?"

"पुढं म्हणतो... ही वही राहिलीच पाहिजे."

सासऱ्यांनी खिशातून रुमाल काढून उजवा डोळा पुसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तेव्हाच खरं बोलून मोकळं व्हावं, तर मी कसला कारकून! मनात म्हटलं, आजची वेळ तर निभावली, उद्याचं उद्या.

उद्याचं त्याच संध्याकाळी उभं राहिलं.

"घ्या, उत्तर लिहून घ्या," सासरे म्हणाले.

"कुणाला?"

"त्या सद्गृहस्थाला! एवढं मनापासून लिहिलंय, पोच नको द्यायला?"

आणि मी माझ्या सासऱ्यांच्या नावानं मलाच पत्र लिहायला घेतलं. "आदरणीय बुरुजावरचे, आपलं मत आत्ताच ऐकलं. वही कुणी उघडलीसुद्धा नसेल असं समजून मी इतकी वर्षं गप्प होतो. आपण माझ्याबद्दल लिहिलंत ते ऐकून डोळ्यांत पाणी आलं. असा वाचक मिळायला भाग्य लागतं. आपण म्हणाल तसंच होवो."

मी म्हटलं, "पाठवतो नंतर."

"नंतर कशाला? बटण कुठंय ते बोटाला दाखवा, मी दाबतो." आणि त्यांनी दाबलंसुद्धा!

आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. वर माझं मत: बादलीसुद्धा पाहिली नसावी, पानं फाडून फेका. आणि खाली प्रत्यक्ष लेखकाची पोच: डोळ्यांत पाणी आलं, भाग्य लागतं, आपण म्हणाल तसंच होवो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी फोन उघडला तर फोरमवर जत्रा लोटलेली. गवंडी म्हणत होता, "याला म्हणतात मनाचा मोठेपणा." दातांचे डॉक्टर म्हणत होते, "मोठेपणा कसला, टोमणा आहे तो." कुणीतरी लिहिलं, "आजोबांचा एखादा स्क्रू ढिला झालाय." त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची ही रांग. दीपगृहवाल्या बाई तेवढ्या म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाला हसताना लाज कशी वाटत नाही तुम्हाला?" मला वाटत होती हो. इतकी, की त्या दिवशी मी एका बाईंची तक्रार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. (त्यांच्या नळाला सहा महिने पाणी नव्हतं. त्यांनी तसं तीनदा लिहून दिलं होतं. तिन्हींवर माझा शिक्का.)

आणि सगळ्यात खाली नर्सबाईंची सूचना: "लेखकांनी स्वतःच 'आपण म्हणाल तसंच होवो' असं लिहून दिल्यामुळे वही गाळण्याचं ठरलं आहे. कुणाची हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवावी."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी धावलो. म्हटलं, टॅबच लपवून ठेवावा. पण दारातच कळलं, की उशीर झालाय. सासरे खुर्चीत, हात मांडीवर. बायको टॅब छातीशी धरून उभी.

"बाबांना उत्तरं ऐकायची होती," ती म्हणाली. "म्हणून मी वाचली. वरपासून." मग माझ्याकडे वळून, "अहो, काल तुम्ही बाबांना काय वाचून दाखवलंत?"

"मी... जरा... त्यांना बरं वाटावं म्हणून..."

"बरं वाटावं म्हणून? लोक त्यांना वेडा म्हणताहेत!"

"ओरडू नकोस त्यांना," सासरे म्हणाले. "जावयानं मला दुखवायचं नाही म्हणून लपवलं. मनाचे चांगले आहेत ते."

कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. पण हे मनाचे चांगले!

"पण मला एक सांगा," बायकोचा पारा अजून चढलेलाच होता, "हा मेला बुरुजावरचा आहे तरी कोण? समोर आला ना, तर मी त्याला ती बादली दाखवते. डोक्यात घालून."

मी पाणी प्यायला आत गेलो. दोन ग्लास प्यायलो. बादली मोरीत होती. ती मी दाराआड सरकवून ठेवली.

बाहेर आलो तर सासरे पिशवी भरत होते. वहीसाठी काढलेल्या जुन्या टिपणांची कार्डं त्यांनी बरोबर आणली होती. नव्या आवृत्तीत त्रेसष्टावं पान घालायचं मनात होतं म्हणे. ती कार्डं दोऱ्यानं बांधून त्यांनी तळाशी घातली. "मी उद्या घरी जातो," ते म्हणाले. "वही काढू देत. त्या माणसाला दार उघडता आलं नाही, म्हणजे माझंच चुकलं असणार. शिकवणाऱ्याचं समजलं नाही तर चूक शिकवणाऱ्याचीच. फक्त जाण्याआधी एकदा ते दार बघायचंय मला. जावईबापू, तुमच्याकडे आहे ना तो गेम?"

नाही म्हणायची सोय नव्हती. मी माझा जुना कॉम्प्युटर लावला. बायकोनं बाबांची खुर्ची लांब, पलंगापाशी ठेवली आणि पाचच मिनिटं म्हणून बजावलं. मी जलद्वारापाशी जाऊन उभा राहिलो. कडीत तो मासा अजून लटकत होता.

"हा मासा कशाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"असंच... सुचला."

"बरं. आता वही उघडा. पान एकेचाळीस."

मी माऊस डावीकडे नेला. उजवीकडे नेला. एक बटण दाबलं तर पिशवी उघडली, दुसरं दाबलं तर नकाशा. तिसरं दाबलं आणि आवाज बंद झाला; तेच पुन्हा दाबून तो परत आणला. मागून बायको सावकाश म्हणाली, "अहो, तुम्ही हे अकरा वर्षं खेळताय ना?"

"हो."

"आणि वही कुठून उघडतात ते माहीत नाही?"

शेवटी ती सापडली. कोपऱ्यात, वहीच्याच चित्राखाली. बायकोनं एकेचाळिसावं पान मोठ्यानं वाचलं: "भरतीच्या वेळी पाण्याचा दाब दारावर बाहेरून येई, आणि दहा माणसं लागली तरी ते हलत नसे. म्हणून पहारेकरी ओहोटीची घंटा होईपर्यंत थांबत. मग एकटा माणूसही ते एका हातानं उघडी."

आम्ही थांबलो. गेममध्ये घंटा झाली. (ती मी हजार वेळा ऐकली होती. मला वाटायचं, गावात कुणाचं तरी लग्न असेल.) मी कडीवर बोट ठेवलं आणि दार उघडलं. मासा पाण्यात पडला. आतून बायामाणसं, म्हातारी-कोतारी, गाठोडी घेतलेली पोरं बाहेर पडायला लागली. अकरा वर्षं ती बिचारी माझ्यासाठी दाराआड उभी होती.

माझ्यानं पुढं बघवेना. "बाबा," मी म्हणालो, "तो मी आहे."

"कोण तो?"

"बुरुजावरचा."

बायकोनं टॅब टेबलावर ठेवला. फेकला नाही, ठेवला; मला तेच जास्त लागलं. सासऱ्यांनी त्यांचा एक उघडा डोळा माझ्यावर रोखला.

"म्हणजे वही तुम्ही वाचलीच नव्हती?"

"एक पानही नाही."

"न वाचता लिहिलंत?"

"हो."

"आणि कालचं ते, दाराची खडान्‌खडा माहिती, ते तुम्ही बनवून सांगितलंत. मी मात्र खरं समजून..." ते उठले, भिंतीला हात लावत खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी बाहेर उभा राहून तीनदा चुकलो म्हणालो. बायकोनं त्या दिवशी मला एकच वाक्य सुनावलं: "बाबांनी तुम्हाला चांगलं म्हटलं होतं हो." एवढा शरमलेला मी शाळेत कॉपी करताना सापडलो तेव्हाही नव्हतो.

मी फोरमवर सगळं कबूल केलं. बुरुजावरचा म्हणजे मी, लेखकांचा जावई. वही न वाचताच मत लिहिलं, पत्रही माझ्याच लबाडीमुळं तसं गेलं, वही काढू नका. वाटलं, आता लोक जोड्यानं मारतील. कसलं काय! कुणी विश्वासच ठेवला नाही. गवंडी म्हणाला, "बुरुजावरचा असं लिहिणार नाही, त्याचं खातं कुणीतरी चोरलंय." दातांचे डॉक्टर म्हणाले, "एवढा अचूक समीक्षक वही न वाचता कसा लिहील?" नर्सबाई तर थेट म्हणाल्या, "पुरावा द्या. नाहीतर रविवारी वही गेली."

मी काही वाचलेलं नाही याचा पुरावा माणसानं कुठून आणावा? मी खोलीच्या दाराशी जाऊन सासऱ्यांना ते सगळं वाचून दाखवलं. या खेपेला एक अक्षर न गाळता, "आजोबांचा स्क्रू"सकट. थोड्या वेळानं आतून कडी निघाली.

"पुरावा हवाय त्यांना?" सासरे म्हणाले. "बसा टेबलाशी. कोरा कागद घ्या. वरती नाव घाला, दोन्ही नावं. प्रश्न मी तोंडी सांगतो."

"बाबा, परीक्षा?"

"पन्नास मार्कांची. वेळ एक तास. मान वर करायची नाही."

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर परीक्षेला बसलो. पर्यवेक्षक बायको, तिनं सुरुवातीलाच माझा फोन काढून घेतला. प्रश्न एकेक भारी. वेढ्याच्या काळात गावात पिण्याचं पाणी कुठून येई? (मी पाणीपुरवठ्यात आहे. मी "नळातून" असं लिहिलं.) जलद्वार केव्हा उघडत, आणि का? बुरुजावरून कुणाकुणावर नजर ठेवत? शेवटच्या प्रश्नाला मी नुसतं "माफ करा" लिहिलं. सासऱ्यांनी बायकोकडून सगळी उत्तरं वाचून घेतली आणि तिच्या हातानं लाल पेनानं तपासली. पन्नासपैकी चार. तेही त्या जलद्वाराच्या प्रश्नाचे. शेवटच्या उत्तरापुढं त्यांनी तिला शेरा लिहायला सांगितला: "प्रश्नाला धरून नाही, पण खरं वाटतं." ते लिहून होईपर्यंत त्यांचा चेहरा जरा सैलावला होता. पिशवीतली कार्डं मात्र मी स्वतः बाहेर काढली आणि त्यांच्या उशाशी ठेवली. त्यांनी ती परत आत ठेवली नाहीत.

उत्तरपत्रिकेचा फोटो सासऱ्यांच्या खात्यावरून फोरमवर गेला. मग मात्र कुणालाही शंका राहिली नाही. रविवारी मतदान झालं आणि वही राहिली, बासष्टच्या बासष्ट पानं. त्रेसष्टावंही मागवलंय. टाईप करायचं काम सगळ्यांनी एकमतानं माझ्याकडे दिलं. मी रोज दोन पानं करतो, आणि वाचून करतो, कारण सासरे शेजारी बसून मधूनच प्रश्न विचारतात.

माझं ते जुनं मत मी पुसून टाकलं. आता फोरमवर सगळ्यात वर माझी उत्तरपत्रिका आहे. माझ्या मताला अकरा वर्षांत जेवढे लाईक मिळाले नव्हते, तेवढे तिला तीन दिवसांत मिळाले. त्यातला पहिला लाईक बायकोचा आहे. तिचं तिथं खातं नव्हतं. फोटो टाकायच्या आधी तिनं ते माझ्याकडूनच उघडून घेतलं. कशासाठी हवंय ते तिनं सांगितलं होतं म्हणे. मी "वा! वा!" म्हणालो होतो.